रेव्हिटमध्ये रेलिंग आणि जाळी: गजांच्या हिशोबापासून फॅब्रिकेटरच्या कागदापर्यंत

रेव्हिट हे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल आणि ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर. त्यातलं रेलिंग म्हणजे दोनच गोष्टी: एक रेघ, आणि त्या रेघेवर काय, किती अंतराने उभं राहायचं याचा नियम. रेघ कुणालाही ओढता येते. गडबड होते ती नियमात. नवा माणूस डायलॉग उघडून शंभर टाकून बघतो, नव्वद टाकून बघतो, आणि डोळ्यांना बरं दिसलं की पुढे जातो. तेच ड्रॉइंग फॅब्रिकेटरच्या (लोखंडी काम करणाऱ्याच्या) हातात गेलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, "शेवटच्या गजापाशी एवढी फट कशी काय?" म्हणून इथे आधी कागदावरचा हिशोब आहे, मग सॉफ्टवेअर.

उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगरातलं नेहमीचं दुमजली घर घेऊ. पुढे दोन खांबांच्या मध्ये ३६०० मिमी मोकळी गॅलरी, आत अर्ध्यावर लँडिंग घेऊन उलटा फिरणारा जिना, आणि पश्चिमेच्या भिंतीत उन्हासाठी जाळी. मेनूतली नावं तुम्हाला स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील, इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.

आधी कागद आणि पेन

गॅलरी, व्हरांडा, गच्ची यांच्या कडेचा कठडा किंवा रेलिंग किमान १.० मीटर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर असावं, असं २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. मंजुरीच्या नकाशासाठी यूडीसीपीआर (महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) उघडून त्यातलं कलम पाहूनच आकडा लिहा. आपण इथे ११०० मिमी धरू.

ही उंची तयार फरशीपासूनची. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मॉडेलमध्ये रेलिंग नुसत्या स्लॅबवर उभं केलं आणि फरशी-मसाल्याचे ५० मिमी नंतर आले, की अकराशेचं रेलिंग साइटवर १०५० भरतं. तेव्हा फ्लोअर फिनिशचा थर आधी मॉडेल करा आणि रेलिंग त्याच्यावर उभं करा. गॅलरीच्या कडेला ३०० मिमीची पडदी असेल आणि तिच्यावर मूल उभं राहू शकत असेल, तर उंची पडदीच्या माथ्यापासून मोजलेली बरी. त्याच कारणाने लहान मुलांच्या घरात आडव्या पाइपांचं रेलिंग देऊ नये. दिसतं छान, पण पोरांसाठी ती शिडीच होते.

आता गज. आपण १६ मिमी चौरस बार घेतला. फॅब्रिकेटर मात्र सुतात बोलेल: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. चार सूत म्हटलं की १२ मिमीचा बार समजायचा, पाच सूत म्हटलं की १६ चा. दोन गजांमधली मोकळी जागा १०० मिमीच्या आत ठेवायची. दोन टोकांना आणि मध्यावर ४० × ४० चे खांब, म्हणजे तीन खांबांचे १२० मिमी गेले. उरलेल्या ३४८० चे दोन गाळे, प्रत्येकी १७४० मिमी.

गजांची संख्या काढायचं सूत्र सोपं आहे. गाळ्याच्या मोकळ्या मापातून १०० वजा करा, आणि आलेल्या आकड्याला गजाची जाडी अधिक १०० ने भागा. १६४० भागिले ११६ म्हणजे १४.१४. अपूर्णांक आला की नेहमी वरचा पूर्ण आकडा, म्हणून १५ गज. पंधरा गजांचे २४० मिमी वजा केले की १५०० उरतात आणि फटी असतात सोळा (गजांपेक्षा एक जास्त, हे विसरल्यामुळेच शेवटची फट बिघडते). एक फट ९३.७५ मिमी. गजाच्या मध्यापासून पुढच्या गजाच्या मध्यापर्यंत १०९.७५, आणि खांबाच्या मध्यापासून पहिल्या गजाच्या मध्यापर्यंत २० + ९३.७५ + ८ म्हणजे १२१.७५. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे सगळा खेळ त्यांचाच आहे.

गजाची लांबीही आत्ताच काढा. वर ५० × २५ चा पाइप आडवा ठेवला, त्याचा माथा ११०० वर, तळ १०७५ वर. खाली २५ × ६ ची पट्टी, तिचा माथा ८६ वर. गजाची लांबी ९८९ मिमी. बाजारात बार साधारण ६ मीटरचा मिळतो. त्यातून ९८९ चे सहा तुकडे, कटिंगचं नुकसान धरूनही, बरोबर निघतात. दोन गाळ्यांचे ३० गज म्हणजे पाच बार. आता हीच लांबी १००४ केली तर एका बारातून पाचच तुकडे निघतील आणि प्रत्येक बारामागे जवळपास मीटरभर तुकडा भंगारात जाईल. खालची पट्टी १५ मिमी खाली घ्यायची की नाही, हे ठरवताना ही बाब डोळ्यांसमोर हवी. सॉफ्टवेअर ती सांगणार नाही.

रेघ: खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत

आर्किटेक्चर टॅबमध्ये रेलिंग, तिथून स्केच पाथ. सहज सुचतं ते असं की गॅलरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण ३६०० ची रेघ ओढायची आणि टोकाचे खांब २०-२० मिमी आत सरकवायचे. बॅलस्टर प्लेसमेंटमध्ये (बॅलस्टर म्हणजे रेलिंगचा उभा गज) स्पेस नावाच्या रकान्यात ते करता येतं. पण मग रेघेच्या अर्ध्या भागाचा मध्य ९०० वर येतो आणि गाळ्याचा खरा मध्य असतो ९१० वर. गज रेघेच्या मध्याला धरून बसतात, त्यामुळे एका बाजूची फट ८३.७५ होते आणि दुसरी १०३.७५. शंभरची मर्यादा तुटली, आणि प्लॅनमध्ये बघून ते कळतही नाही.

म्हणून रेघ खांबाच्या मध्यापासून सुरू करा:

१. दोन्ही टोकांना २० मिमी सोडून ३५६० ची रेघ ओढा.
२. स्प्लिट करून तिचे १७८० चे दोन भाग करा. दोन्ही भाग एकमेकांना जोडलेलेच राहायला हवेत. मध्ये बारीकशी फट राहिली तरी रेव्हिट स्केच पूर्ण करू देत नाही.
३. स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून रेघ १०० मिमी आत ठेवा. खांबाखाली १०० × १०० ची बेस प्लेट येणार, म्हणजे प्लेटच्या बाहेर ५० मिमी काँक्रीट उरतं. अँकर कडेच्या फार जवळ गेला की ड्रिल मारतानाच काँक्रीटचा कोपरा फुटतो.
४. पिक न्यू होस्ट वापरून फरशीचा फ्लोअर निवडा (होस्ट म्हणजे रेलिंग ज्याच्यावर उभं राहतं तो भाग). होस्ट दिला नाही तर रेलिंग लेव्हलच्या उंचीवर राहतं, आणि गॅलरी घरापेक्षा २० मिमी खाली असेल तर हवेत तरंगतं.

नियम: बॅलस्टर प्लेसमेंट

रेलिंगचा टाइप (मापांचा आणि नियमांचा साठवलेला संच) आधी डुप्लिकेट करा आणि नाव असं द्या की नंतर ओळखू येईल: गॅलरी-११००-१६चौरस. मूळ टाइप बदलला तर प्रोजेक्टमधली त्या टाइपची सगळी रेलिंगं एकदम बदलतात.

टॉप रेलला उंची ११०० आणि प्रोफाइल (रेलच्या छेदाचा आकार) ५० × २५. प्रोफाइल स्वतः करत असाल तर रेलचंच टेम्पलेट उघडा. त्यात एक आडवी रेघ रेलच्या माथ्याची असते, आपला आकार तिच्या खाली काढायचा. आकार रेघेच्या मधोमध काढला की रेल साडेबारा मिमी वर चढते आणि उंचीचा हिशोब फसतो. खालची पट्टी रेल स्ट्रक्चरमध्ये नवी ओळ म्हणून घाला, उंची ८६. तिला नाव जरूर द्या, कारण गज कुठून उभा राहायचा हे सांगताना तेच नाव यादीत दिसतं.

गजासाठी चौरस बॅलस्टरची फॅमिली (रेव्हिटच्या तयार घटकाची फाइल) लोड करून तिचा १६ मिमीचा टाइप करा. स्वतःची फॅमिली करायची तर बॅलस्टर, बॅलस्टर-पोस्ट किंवा बॅलस्टर-पॅनल यांपैकीच एखादं टेम्पलेट घ्या. जेनेरिक मॉडेलमध्ये केलेला सुंदर गज प्लेसमेंटच्या यादीत दिसतच नाही, आणि नवशिके मग अर्धा दिवस लोड-रीलोड करत बसतात. बॅलस्टर आणि पॅनलच्या टेम्पलेटमध्ये उताराचे कोन आधीच बांधलेले असतात, ते जिन्यावर कामाला येतात.

मेन पॅटर्नमध्ये दोन वाटा आहेत.

डिझाइन अजून हलतंय, क्लायंट रोज काहीतरी बदलतोय, तर एकच गज ठेवा, अंतर १०९.७५, ब्रेक पॅटर्न अॅट मध्ये ईच सेगमेंट एंड, आणि जस्टिफाय मध्ये सेंटर किंवा स्प्रेड पॅटर्न टू फिट. स्प्रेडमध्ये रेव्हिट गज समान पसरवतं, पण तुम्ही टाकलेलं अंतर तसंच राहत नाही. म्हणून फट मोजून घ्यायची, गृहीत धरायची नाही. सेंटरची गंमत वेगळी आहे. १७८० मध्ये १०९.७५ चे सोळा घास बसतात आणि २४ मिमी उरतात, १२ या टोकाला, १२ त्या टोकाला. पहिला गज बरोबर १२१.७५ वर येतो, पंधरावाही जागेवर येतो, आणि सोळावा? तो १७६८ वर, म्हणजे खांबाच्या पोटात. दिसत नाही, पण आहे. चित्र बरोबर, मोजणी चूक.

टेंडर किंवा फॅब्रिकेशनचं ड्रॉइंग असेल तर सरळ पूर्ण गाळाच पॅटर्न म्हणून लिहा. पहिल्या गजाला आधीच्यापासूनचं अंतर १२१.७५, मग डुप्लिकेट करत चौदा गज १०९.७५ चे, आणि शेवटच्या पॅटर्न एंडच्या ओळीत पुन्हा १२१.७५. खाली पॅटर्न लेंग्थ १७८० दिसली की हिशोब जुळला. ओळी पंधरा आहेत, कंटाळा येतो, पण एकदाच करायचं आहे. यात एक अडचण येते: रेघ १७७९.९ ची ओढली गेली असेल तर १७८० चा पॅटर्न तिच्यात मावत नाही आणि गाळा रिकामा दिसतो. घाबरू नका. एक्सेस लेंग्थ फिलमध्ये ट्रंकेट पॅटर्न निवडा, म्हणजे गज दिसतील, आणि मग रेघेचं माप दुरुस्त करा.

खांबांसाठी स्टार्ट, कॉर्नर आणि एंड तिन्हीकडे ४० × ४० ची फॅमिली द्या, स्पेस शून्य करा (आधीपासून तिथे काहीतरी आकडा असतो, तो तसाच राहिला तर खांब सरकतात), आणि कॉर्नर पोस्ट्स अॅट मध्ये ईच सेगमेंट एंड. रेघ सरळ असली तरी जिथे स्प्लिट केली तिथे खांब उभा राहतो. मधला खांब हवा तिथे आणायची हीच सोपी युक्ती.

शेवटी सेक्शन कापून गजाची दोन्ही टोकं बघा. गज वरच्या पाइपमध्ये घुसलेला दिसला तर टॉप ऑफसेट उणे करा. ९८९ मिमी भरला पाहिजे.

जिना

जिना केला की रेव्हिट दोन्ही बाजूंनी रेलिंग आपोआप देतं. भिंतीकडचं लगेच काढा. उरलेल्याचा टाइप गॅलरीपेक्षा वेगळा करा, कारण इथे गज पायरीच्या हिशोबाने बसतात.

पायरी १६० उंच आणि २८० रुंद धरू. पायरीला दोन गज दिले तर मध्य ते मध्य १४०, फट १२४. चालत नाही. तीन दिले तर ९३.३ आणि फट ७७. युझ बॅलस्टर पर ट्रेड ऑन स्टेअर्स ला टिक करून ३ लिहा, एवढंच. पायरी २५० ची असेल तर दोन गजांत फट १०९ येते, थोडक्यात हुकते. तिथे १६ ऐवजी २५ चा चौरस पाइप घेतला की बरोबर १०० बसते. पाइप पोकळ, म्हणून वजनही आटोक्यात राहतं.

आता लँडिंगवरची उडी, जी जवळपास प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये दिसते. खालच्या फ्लाइटची (पायऱ्यांच्या सलग रांगेची) शेवटची नाक, म्हणजे पायरीची पुढची कड, आणि वरच्या फ्लाइटचा पहिला उभा भाग प्लॅनमध्ये एकाच रेघेत घेतला, तर हातरेल वळणावर एकदम १६० मिमी वर उडी मारते. रेव्हिट मग तिथे वाकडा तुकडा घालतं किंवा रेल तोडून टाकतं, आणि माणूस रेलिंगच्या सेटिंगमध्ये खटपट करत बसतो. दोष रेलिंगचा नसतोच, जिन्याचा असतो. खालची हातरेल लँडिंगच्या कडेला लँडिंग अधिक रेलची उंची एवढी असते. वरच्या फ्लाइटची पहिली नाक लँडिंगच्या एक पायरी वर, म्हणून तिची रेल त्याच जागी एक पायरी उंच. उपाय जिन्यातच: वरची फ्लाइट एक ट्रेड (पायरीची रुंदी), म्हणजे २८० मिमी, पुढे सरकवा. त्या बाजूचं लँडिंग तेवढं लांब होतं आणि दोन्ही रेली एकाच उंचीवर भेटतात. जिन्याच्या खोलीत एवढी जागा आहे का, हे प्लॅन ठरतानाच बघायचं. नंतर भिंत सरकत नाही.

जागा नसेलच तर लँडिंगवर एक उंच खांब द्या आणि दोन्ही रेली त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीला संपवा. साइटवर वेल्डर नाहीतरी तेच करतो.

पाथच्या स्केचमध्ये लँडिंगच्या भागाची रेघ वेगळी तोडलेली हवी. ती निवडली की वरच्या पट्टीत स्लोप दिसतो: बाय होस्ट, फ्लॅट, स्लोप्ड. लँडिंगवर फ्लॅट करून बघा, बऱ्याच वाकड्या रेली एवढ्यानेच सरळ होतात. आणि रेघ जिन्याच्या बाहेर सरकली असेल तर तेवढ्या भागात होस्टच मिळत नाही आणि रेल खाली कोसळलेली दिसते.

पश्चिमेची जाळी

जाळी रेलिंगच्या कमांडने करू नका. कर्टन वॉल घ्या, म्हणजे चौकटीत खण बसवलेली भिंत. ग्रिड, खण आणि मोजणी तिघेही तिथे आयते मिळतात.

पण आधी ऊन. मराठवाड्यात जाळी मुख्यतः दुपारनंतरच्या उन्हासाठीच देतात, आणि तरीही जाडीचा विचार कुणी करत नाही. संभाजीनगरचा अक्षांश १९.८८ अंश उत्तर. मे महिन्याच्या मध्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर आणि जवळजवळ सरळ पश्चिमेला असतो. ४० मिमी जाड जाळी या कोनातलं ऊन उभ्या मापात ४० × ०.८३९, म्हणजे साडेतेहतीस मिमी अडवते. छिद्र ११० मिमीचं असेल तर बाकीचे साडेशहात्तर मिमी ऊन सरळ आत. छिद्राचा जवळपास ७० टक्के भाग. ऊन पूर्ण अडवायचं तर छिद्राची उंची जाडीच्या ०.८४ पटीच्या आत हवी: ४० जाडीला ३३, ६० जाडीला ५०. संध्याकाळी सूर्य आणखी खाली उतरतो तेव्हा हेही पुरत नाही. पत्र्याच्या ३ मिमी जाळीत तर जाडीचा उपयोग शून्य, तिथे ऊन फक्त बंद भागाच्या प्रमाणात कमी होतं.

हे मॉडेलवर तपासायचं असेल तर मॅनेजमधून लोकेशन घाला (१९.८८, ७५.३४, वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे), ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा) प्लॉटप्रमाणे फिरवा आणि मग सन पाथ आणि सावल्या चालू करा. ट्रू नॉर्थ फिरवायचं विसरलात तर सावलीचं चित्र दिसायला छान आणि अर्थाने कुचकामी.

आता खण. १५० × १५० चा, जोड धरून, छिद्र ११० × ११०. उघडा भाग ५४ टक्के. ३००० × २१०० च्या जागेत २० × १४, म्हणजे २८० खण.

१. कर्टन वॉल पॅनलच्या टेम्पलेटमध्ये बाहेरचा चौकोन चारही संदर्भ-रेघांना लॉक करा. रुंदी-उंचीची मापं देऊ नका, ती प्रोजेक्टमधल्या ग्रिडकडून येतात.
२. आतलं छिद्र काढून चारही बाजूंनी २० मिमीचं माप लॉक करा. एक्स्ट्रूजन (आकाराला दिलेली जाडी) ४० मिमी, मध्यापासून दोन्हीकडे २०.
३. फाइन डिटेललाच छिद्र दिसावं, कोर्सला साधा सपाट चौकोन, अशी व्हिजिबिलिटी द्या. २८० खण एकदम उघडले की जुन्या लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो.
४. प्रोजेक्टमध्ये कर्टन वॉलचा नवा टाइप, कर्टन पॅनलमध्ये आपली फॅमिली, उभ्या-आडव्या ग्रिडला फिक्स्ड डिस्टन्स १५०, मलियन (खणांमधली पट्टी) नको. ऑटोमॅटिकली एम्बेड ला टिक केली की विटांच्या भिंतीत जागा आपोआप कापली जाते.

जागा ३००० ऐवजी ३०३० भरली तर शेवटचा खण ३० मिमीचा होतो. त्यात दोन बाजूंच्या वीस-वीसच्या कडा मावत नाहीत, छिद्र उलटं होतं, आणि रेव्हिट फॅमिली तुटल्याची तक्रार करतं. फॅमिलीत काही दोष नाही. भिंतीतलं ओपनिंगच १५० च्या पटीत घ्या. गवंड्यालाही तेच हवं असतं, ठोकळा तोडावा लागत नाही.

नुसत्या उभ्या पाइपांचा पडदा हवा असेल तर उलट करा: पॅनल एम्प्टी सिस्टिम पॅनल, मलियनला पाइपाचं प्रोफाइल, आणि ग्रिडला मॅक्झिमम स्पेसिंग. मग उरलेला तुकडा शेवटी साचत नाही, सगळी अंतरं समान होतात.

बीबी का मकबऱ्यात दिलरास बानो बेगमच्या कबरीभोवती आठ बाजूंचा संगमरवरी जाळीचा पडदा आहे. तसा अष्टकोनी पडदा मॉडेल करायचा झाला तर आठ कर्टन वॉल १३५ अंशांत भेटतात आणि ४० मिमी जाडीचे खण आतल्या अंगाला प्रत्येकी ८.३ मिमी एकमेकांत घुसतात, बाहेर तेवढीच फट राहते. कोपऱ्यावर व्ही कॉर्नर मलियन किंवा वेगळा खांब द्या आणि खण त्याच्या अलीकडे थांबवा.

सीएनसीची नक्षी

मोर, कमळ, पानं-वेली अशी पत्र्याची नक्षी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापतात, आणि ती बहुधा तयार डीएक्सएफ फाइल (कॅडमधल्या रेघांची फाइल) म्हणून येते. ती रेव्हिटच्या फॅमिलीत आणून पिक लाइन्सने एक्स्ट्रूड करायला गेलात की रेघ फार लहान आहे असा निरोप येतो. रेव्हिट इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा, म्हणजे साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान रेघ घेत नाही, आणि या फाइलींत वळणं शेकडो बारीक तुकड्यांची असतात. ऑटोकॅडमध्ये आधी ओव्हरकिल (एकावर एक आलेल्या रेघा काढणारी कमांड) चालवा, तुकड्यांच्या जागी आर्क काढा, लूप बंद आहेत का ते बघा, मगच आत आणा. रेव्हिटमधली नक्षी दिसण्यापुरती, कटिंगची फाइल डीएक्सएफच. दोन्ही एकच असायला हवीत हा हट्ट सोडा.

नक्षीत चहूबाजूंनी कापलेला तुकडा सुटून खाली पडतो. मोराचा डोळा आणि भोवतीचं वर्तुळ ही नेहमीची जागा. तिथे जोडपट्टी ठेवा, ३ मिमी पत्र्याला किमान ५-६ मिमी रुंद. त्याहून बारीक पट्टी उष्णतेने वाकते. पत्रा २५०० × १२५० चा धरला तर ३ मिमीचा एक पत्रा ७३.६ किलो. निम्मा कापून टाकला तरी पैसे पूर्ण पत्र्याचे लागतात, म्हणून पॅनलचं माप पत्र्यातून निघतं का ते वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत फाइल पाठवण्याआधी बघा. १२६० रुंदीचं पॅनल काढलं की प्रत्येक पॅनलला जोड आला.

स्केचअप वापरत असाल तर

गज ग्रुप करू नका, कम्पोनंट करा, म्हणजे एकाची जाडी बदलली की सगळ्यांची बदलते. मूव्ह टूलमध्ये कंट्रोल दाबून एक प्रत शेवटच्या जागी ठेवा आणि लगेच /१४ टाइप करा, मधल्या प्रती समान अंतरावर येतात. आपल्या गाळ्यात पहिला आणि पंधरावा गज ठेवला की मधली अंतरं चौदा, म्हणून चौदा. गोल पाइपाला वर्तुळ काढण्याआधी १२एस लिहा, चोवीस बाजूंची गरज नसते. एक मिमीच्या आसपासच्या बारीक कडांना स्केचअप फेस बनवत नाही, तेव्हा तो कम्पोनंट शंभरपट मोठा करून काम करा आणि परत लहान करा.

फॅब्रिकेटरला देताना

रेव्हिटचं शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा तक्ता) रेलिंगची लांबी देतं, गजांची मोजणी देत नाही. ती आपल्या कागदावरून घ्या. वजनासाठी पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर: १६ चौरस बार मीटरला २.०१ किलो, १२ चौरस १.१३ किलो. ३० गज × ०.९८९ मीटर × २.०१ म्हणजे ५९.६ किलो नुसते गज. बारा चौरस घेतला तर तेवढ्याच तीस गजांचं वजन साडेतेहतीस किलो येतं (गज बारीक झाला की संख्या पुन्हा काढायची, आपल्या गाळ्यात ती १४.६४, म्हणजे पुन्हा पंधराच, एकूण तीस). काम किलोच्या दराने ठरतं, म्हणून हा फरक क्लायंटला आधी सांगितलेला बरा.

ड्रॉइंगवर ९३.७५ लिहू नका. पाव मिमी वर्कशॉपमध्ये कुणी मोजत नाही, आणि साइटवरचे खांब ओळंब्यात असतीलच असंही नाही. असं लिहा: प्रत्येक गाळ्यात १५ गज समान अंतरावर, कुठलीही फट १०० मिमीपेक्षा जास्त नको, गजाची लांबी ९८९, उंची तयार फरशीपासून ११००. त्याखाली एक ओळ: प्लास्टर झाल्यावर खांबांमधलं माप साइटवर घेऊनच कटिंग. प्लास्टर दोन्ही बाजूंनी १२-१५ मिमी आलं की ३६०० चे ३५७० होतात, आणि तयार करून आणलेली फ्रेम आत बसत नाही.